सासूबाई गप्प झाल्या

लाँड्रीतल्या बायका त्या झडपेला सासूबाई म्हणत. नाव कुणी ठेवलं ते आता कुणालाच आठवत नाही, पण ठेवणारीला घरचा अनुभव दांडगा असणार. इस्त्रीची यंत्रं चालू असली, वाफ कामाला लागलेली असली, की ही बया मुकाट बसायची. जरा कुठं यंत्रं थांबली, बायका डबे उघडून टेकल्या, की भिंतीपलीकडून हिचं सुरू. फस्स्... फस्स्... "झालं! आपण बसलेलं बघवत नाही हिला," असं कुणीतरी म्हणायचं, आणि सगळ्या हसून जेवायला लागायच्या.

भिंतीपलीकडे बॉयलर होता. जुनाच, दुसऱ्याकडून घेतलेला, पण धडधाकट. तो आणला तेव्हा त्याची भट्टी सांभाळणाऱ्या बॉयलरकाकांनी मालकीणबाईंना, म्हणजे ताईला, त्याच्यासमोर उभं करून सगळं समजावलं होतं. काकांना बोलायची भारी हौस. खाली भट्टी, वर पाणी, पाण्याची वाफ, वाफ नळीतून पलीकडे यंत्रांना. "आणि यंत्रं बंद असली की वाफ जाणार कुठं? दाब वाढत जातो. मग या झडपेची ही तरफ उचलली जाते आणि जास्तीची वाफ बाहेर पडते. ही बडबडते म्हणून आपण निवांत, ताई. यंत्रं बंद आहेत, भट्टी पेटलीय आणि तरी ही बोलत नाही, असं झालं ना, तर मला शोधत बसू नका. सरळ बाहेर पळा."

ताईनं तेव्हा मान डोलावली होती. भिंतीच्या अलीकडे, वाफेची मोठी नळी जिथून आत येते तिथंच, धाकटीचं टेबल लागलं होतं. धाकटी म्हणजे ताईची पाठची बहीण.

या दोघींचं आधी काय होतं ते सांगायला हवं, नाहीतर ताईला कुणी उगाच खुळी समजेल. ताई खुळी नव्हती. नवरा एका सकाळी कामावर म्हणून गेला तो परत आला नाही, तेव्हा तिच्याकडे एक खोली, एक इस्त्री आणि शाळा सुटलेली ही बहीण, एवढाच संसार उरला होता. लोकांचे कपडे आणायचे, धुवायचे, इस्त्री करून पोचवायचे. हातावर पोट. त्या दिवसांत ती रोज सकाळी तापत्या इस्त्रीच्या मुठीवर हात ठेवून म्हणायची, "आभारी आहे." कुणाचे आभार, तिलाही ठाऊक नव्हतं. माणसांपैकी आभार मानावेत असं कुणी जवळ नव्हतं, म्हणून इस्त्रीचे मानायची. पण तेवढ्यानं तिचा दिवस उभा राहायचा. पायात बळ यायचं, गिऱ्हाइकाशी बोलताना आवाज कापायचा नाही. हे सगळं अगदी खरं होतं, आणि धाकटीनं ते डोळ्यांनी पाहिलं होतं. म्हणून तर ताई सांगेल ती पूर्व दिशा.

एका खोलीची दोन झाली, मग भाड्याची शेड आली, मग बॉयलर. आणि मग ताई यशाचा मंत्र शिकवणाऱ्या एका शिबिराला गेली.

शिबिरातले सर उंचेपुरे, गोड गळ्याचे. ते म्हणाले, तुम्ही इतकी वर्षं नकळत जे करत होता तीच यशाची किल्ली आहे. ताईच्या डोळ्यांत पाणीच आलं. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी तिला म्हणत होतं की तुझं बरोबर होतं. हवं ते मिळालंच आहे असं समजून आभार माना, सर म्हणाले. स्वतःवर शंका घेऊ नका. आणि वाईट शब्द कानावर आला तर टाळ्या वाजवा, म्हणजे तो खोलीत टिकत नाही.

ताईनं हे सगळं जसंच्या तसं लाँड्रीत आणलं. रोज सकाळी यंत्रं सुरू करण्याआधी सगळ्यांनी गोल उभं राहायचं. एकेकीनं आभार मानायचे. कुणाच्या तोंडून चुकून रडगाणं निघालं की बाकीच्यांनी टाळ्यांचा कडकडाट करायचा. सुरुवातीला बायकांना मोठी गंमत वाटली. "माझा नवरा..." एवढं एकीनं म्हणायचा अवकाश, की टाळ्या! पण पुढं पुढं कामं खरंच वाढली. हॉटेलांचे टॉवेल आले, दवाखान्याच्या चादरी आल्या. ताई प्रत्येक नव्या कामाचं श्रेय त्या गोलाला द्यायची. ती कामं वेळेवर जावीत म्हणून धाकटी अंधार पडेपर्यंत टेबलाशी उभी असायची, त्याचं श्रेय कुणी कुणाला दिलं नाही.

एका सकाळी धाकटी गोलात म्हणाली, "ताई, मनगट फार दुखतंय गं. वाटी उचलवत नाही."

टाळ्या पडल्या. ताईनंही वाजवल्या, हसत हसत, तिच्या डोळ्यांत बघत. धाकटी क्षणभर गोंधळली, मग स्वतःही टाळ्या वाजवू लागली. त्या मनगटानं. पुन्हा तिनं दुखण्याचं नाव काढलं नाही. पुढं एकदा यंत्राच्या पत्र्याला बोटं चिकटून चामडी सोलली गेली, तर दुसऱ्या दिवशी फडकं गुंडाळलेला हात छातीशी धरून ती म्हणाली, "आभारी आहे, बोटं शाबूत आहेत." ताईला तिचा केवढा अभिमान वाटला! बहीण असावी तर अशी, असं ती चार जणांना सांगत सुटली.

आता तक्रार करणारी एकच उरली होती, ती भिंतीपलीकडची. सकाळी भट्टी पेटलेली, यंत्रं बंद, सगळ्या डोळे मिटून उभ्या. ताई म्हणायची, "आपल्या मनात एक शांती उतरते आहे," आणि लगेच, फस्स्. एखादीला हसू फुटायचं. ते हसू साथीसारखं सगळ्या गोलात पसरायचं. ताईचा पारा चढायचा.

"आपण आभार मानू या," शेवटी ती एका सकाळी म्हणाली, "की आपला बॉयलर शांत झालाय."

सगळ्यांनी आभार मानले. काकांनीही मानले. काका त्या गोलात मनापासून उभे राहायचे. मुलीचं लग्न जुळेना म्हणून त्यांनी तिथंच आभार मानले होते आणि ते जुळलंही होतं. शिवाय जन्मभर भट्टीसमोर एकटं बसलेल्या माणसाला रोज चार माणसांत उभं राहायला मिळतं, ही काय लहान गोष्ट आहे?

आणि काही दिवसांनी सासूबाई गप्प झाल्या.

गोल उभा राहिला, डोळे मिटले, ताईनं शांतीचं वाक्य म्हटलं आणि पलीकडून हूं की चूं नाही. बायकांनी डोळे उघडून एकमेकींकडे पाहिलं. कुणीतरी म्हणालं, "अगंबाई!" ताईच्या अंगावर काटा आला. झालं, आपण मागितलं आणि मिळालं. दिवसभर ती हवेत होती. दुपारी डब्यांच्या वेळी मात्र भिंतीपलीकडून नेहमीसारखं फस्स् ऐकू आलं. मग दुसऱ्या सकाळी पुन्हा शांत. फक्त गोलापुरतं शांत. हे कसं काय, म्हणून तिच्या मनात पाल चुकचुकली, आणि तिसऱ्या सकाळी गोल मोडल्याबरोबर ती काकांच्या मागोमाग बॉयलरच्या खोलीत गेली.

काका पक्कड घेऊन तरफेपाशी वाकले होते. तरफ जाड तारेनं खालच्या नळीला आवळून बांधलेली होती. ते ती तार सोडत होते. शेवटचा पीळ सुटला आणि सासूबाई अशा काही फुस्कारल्या, की ताई दचकून दाराला टेकली.

"तेवढ्यापुरतंच, ताई," काका ओशाळून म्हणाले. "गोल सुरू व्हायच्या आधी बांधतो, संपला की सोडतो. तुमचा रसभंग होतो ना रोज, म्हणून."

आता या क्षणी ताईनं काय करायला हवं होतं ते शेंबडं पोरही सांगेल. ताईलाही ते माहीत होतं. काकांचंच ते जुनं वाक्य तिच्या कानात वाजलं, सरळ बाहेर पळा म्हणून. पण त्याच्यापाठोपाठ सरांचं वाक्यही आलं. शंका घेतलीत की मिळालेलं जातं. मिळालेलं तिला फार कष्टानं मिळालं होतं. ते जाईल अशी तिला सारखी भीती वाटायची, आणि त्या भीतीचं नाव तिनं विश्वास ठेवलं होतं.

ती पुढं झाली आणि काकांच्या हातावर हात ठेवून म्हणाली, "आपल्याला जे मिळतं ते कुणाच्या तरी हातूनच मिळतं, काका. तुम्ही निमित्त झालात. आभारी आहे."

काकांनी पक्कड खिशात टाकली. त्यांचा चेहरा खुलला नाही, पण ते हसले.

मग सरांचा फोन आला. वर्षाच्या मोठ्या मेळाव्यात ताईची कहाणी पडद्यावर दाखवायची होती. मेळाव्याला बडी बडी मंडळी येणार, हॉटेलवाले येणार. चित्रण नीट झालं तर नवी इमारत, नवी यंत्रं, सगळं दाराशी चालत येईल. ताईनं लाँड्रीच्या भिंती रंगवून घेतल्या. धाकटीनं सगळ्यांचे एप्रन स्वतः कडक इस्त्री करून आणले.

चित्रणाच्या दिवशी कॅमेरावाला आला, त्याच्याबरोबर आवाज टिपणारी एक मुलगी आली. मुलीनं कानाला यंत्र लावून चारी कोपरे ऐकले आणि म्हणाली, "इथं मागून काही आवाज वगैरे येत नाही ना मध्येच?"

"छे छे," ताई म्हणाली, आणि तिनं काकांकडे पाहिलं.

काका आत जाऊन आले. कॅमेरावाल्याला शेवटी यंत्रं भरपूर वाफेत चालताना हवी होती, म्हणून त्यांनी भट्टी आधीच पोटभर भरून ठेवली होती. सगळे गोल उभे राहिले. यंत्रं बंद. धाकटी तिच्या नेहमीच्या जागी, मोठ्या नळीपाशी. नळीवर दाब दाखवणारा काटा होता, तो बरोबर तिच्या डोक्यावर यायचा.

नेहमीचा गोल चहा निवायच्या आत संपायचा. हा संपेचना. कधी उजेड कमी, कधी कुणी कॅमेऱ्यात पाहिलं, कधी ताईचं हसू उशिरा आलं. "पुन्हा एकदा, ताई. जरा मोकळं हसा." पुन्हा. "छान, आता इकडून एकदा." पुन्हा. काकांनी एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेतला. मग ते हळूच म्हणाले, "ताई, मी जरा आत जाऊन येऊ?"

"आता नको, काका. गोल मोडतो."

थोड्या वेळानं काका पुन्हा पुढं झाले. या खेपेला त्यांचा आवाज चढला होता. "ताई, मला भीती वाटतेय."

टाळ्या! सगळ्यांनी अगदी मनापासून वाजवल्या. कॅमेरावाला खूश. "वा, हे झकास आलं! काका, हेच पुन्हा एकदा म्हणाल? जरा इकडं बघून?"

काकांनी ताईकडे पाहिलं. ताईनं मान हलवली, म्हणा म्हणून. आणि तो म्हातारा माणूस कॅमेऱ्याकडे बघून, घाम पुसत, पुन्हा म्हणाला, "मला भीती वाटतेय. खरंच वाटतेय." पुन्हा टाळ्या पडल्या, आधीपेक्षा जोरात.

मग ताईची पाळी. हे तिचं मुख्य भाषण. ती इस्त्रीबद्दल बोलली, त्या एका खोलीबद्दल बोलली. मग तिनं ठरवलेलं वाक्य म्हटलं. "ऐका. इथं किती शांत आहे, ऐका."

सगळ्यांनी ऐकलं. ताईनंही ऐकलं. भट्टी पोटभर पेटलेली होती, यंत्रं कधीची बंद होती, आणि भिंतीपलीकडे चिडीचूप होतं. तिची नजर आपसूक वर गेली. धाकटीच्या डोक्यावरचा काटा लाल रेघ ओलांडून अशा जागी उभा होता, जिथं तिनं तो कधीच पाहिला नव्हता. नळीच्या सांध्यातून काहीतरी बारीक किणकिणत होतं.



"बाहेर पळा!" ती ओरडली. "बॉयलर फुटेल! पळा सगळ्या!"

टाळ्यांचा कडकडाट झाला.

"अगं वाजवू नका! खरं सांगतेय मी, मरू आपण इथं, पळा!"

जितकी ती ओरडायची तितक्या त्या जोरात वाजवायच्या. तिनंच शिकवलं होतं, शब्द जितका वाईट तितकी टाळी मोठी. बायकांचे चेहरे हसरे, डोळे चमकलेले. ताई किती छान करून दाखवतेय असंच त्यांना वाटत होतं. कॅमेरावाला अंगठा वर करून उभा होता. आणि सगळ्यांत जोरात वाजवत होती ती धाकटी, नळीखाली उभी राहून, दुखऱ्या मनगटानं, बहिणीकडे कौतुकानं बघत.

काका मात्र टाळ्या वाजवत नव्हते. पक्कड काढून ते आत पळाले होते.

ताई धाकटीकडे धावली. वाटेतल्या बायकांना तिनं ढकललं, एकीला तर कानाखाली वाजवली, आणि त्या चपराकीनं टाळ्या फाटल्यासारख्या थांबल्या. कुणीतरी किंचाळलं. दाराकडे एकच झुंबड उडाली. ताईनं बहिणीचा दंड धरून ओढलं.

"ताई, अगं कॅमेरा चालू आहे," धाकटी कुजबुजली. सांधा फुटून नळीतली वाफ अंगावर सुटली तेव्हाही तिच्या तोंडावरचं हसू पुरतं मावळलं नव्हतं. तिनं फक्त हात तोंडापुढं धरले.

त्याच वेळी पलीकडे काकांनी तार तोडली. बॉयलर फुटला नाही. अंगावर वाफ घेऊन त्यांनी सासूबाईंचं तोंड मोकळं केलं, आणि त्या अख्खी आळी हादरेल इतक्या मोठ्यानं किंचाळल्या. बायका वाचल्या. ताई वाचली. काका संध्याकाळपर्यंत होते, मग गेले. शुद्धीत असताना ते एवढंच विचारत राहिले की चित्रण बिघडलं का.

सरांचा फोन आला. ते गोड आवाजात म्हणाले, "यातूनही काहीतरी चांगलंच..." ताईनं फोन ठेवून दिला. पुन्हा वाजला तेव्हा तिनं तो दवाखान्याच्या जिन्यात पायरीवर तसाच सोडला.

धाकटी खिडकीजवळच्या खाटेवर होती. दोन्ही हात कोपरापर्यंत पांढऱ्या पट्ट्यांत. अंगाखालची चादर त्यांच्याच लाँड्रीतली होती. कडेला दुमडायची धाकटीची एक पद्धत होती, ती ताईनं लांबूनच ओळखली. दुपारची वेळ, समोरच्या खाटेवरची बाई झोपलेली. ताई स्टूल ओढून बसली. आभाराचा शब्द सवयीनं ओठांवर आला, तो तिनं गिळला. त्याची चव कडू होती.

बऱ्याच वेळानं धाकटीनं डोळे उघडले. ओठ ओले केले. आणि अगदी हळू, चोरट्यासारखी म्हणाली, "दुखतंय गं."

म्हणाली आणि लगेच तिनं ताईच्या हातांकडे पाहिलं.

ताईनंही पाहिलं. तिचे दोन्ही हात मांडीवरून उचलले गेले होते. तळवे एकमेकांसमोर आले होते, आता वाजणार एवढ्यात होते. तिनं त्यांना उठा म्हटलं नव्हतं. त्यांचे ते उठले होते.

तिनं ते हात मांड्यांखाली दाबले आणि सगळा भार टाकून त्यांच्यावर बसली. तिला हुंदका आला, तो मात्र तिनं दाबला नाही.

"सांग," ती म्हणाली. "कुठं कुठं दुखतंय ते सगळं सांग."

धाकटी अजून ताईच्या हातांचीच वाट बघत होती.